पडताना पाहिले कोणी?

आमच्या कारखान्यात ‘हरवले’ हा शब्द लिहायला बंदी होती. ही बंदी कोणत्याही परिपत्रकात नव्हती. ती अक्काची होती. विमानांची दुरुस्ती करणाऱ्या त्या सरकारी कारखान्यात अक्का टूल स्टोअर सांभाळत असे. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, सांदीकोपऱ्यांत डोकावण्याचे छोटे आरसे, बारीक टॉर्च अशी शेकडो हत्यारे तिच्या खिडकीतून कामगारांच्या हाती जात आणि पाळी संपताना तिच्याच हाती परत येत. एखादे आले नाही, की कामगार सवयीने वहीत ‘हरवले’ लिहायला घेई. अक्का ते खोडायला लावी. ‘कुठे आहे ते माहीत नाही’ असे लिहून घेई आणि शोधायला परत पाठवी.

माझ्या शरीरातल्या एका वस्तूविषयी पाच वर्षे सगळे जण, त्यात मीही आले, ‘पडून गेली’ असे म्हणत होतो. ते मान्य न करणारी एकटी अक्का होती. तिच्याशी मी आयुष्यात एकदाच खोटे बोलले, आणि तेही त्याच वस्तूविषयी. ती असताना ते तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून आता लिहीत आहे.

अक्का बुटकी होती. साडीवर कारखान्याचा निळा कोट, पायांत पुरुषांचे काळे बूट, हातांत बांगड्या नाहीत, गळ्यात काही नाही. दुरुस्तीच्या शेडमध्ये दागिन्यांना मनाई होती, पण अक्का ते कारखान्याबाहेरही घालत नसे. तिचे लग्न झाले होते की नाही, याविषयी कँटीनमध्ये दोन पक्ष होते, आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. सगळे तिला अक्का म्हणत. मोठे अधिकारीही म्हणत. ती मात्र कुणालाच नावाने हाक मारीत नसे. प्रत्येकाला आपल्या क्रमांकाचे पितळी बिल्ले मिळालेले असत. हत्यार घेताना एक बिल्ला द्यायचा, तो हत्याराच्या जागी खुंटीवर टांगला जाई. त्यामुळे तिच्या लेखी माणूस म्हणजे त्याचा क्रमांक. मी तपासणी विभागात नवीन आलेली इंजिनिअर होते, आणि माझा क्रमांक चारशे बारा होता. आमचे टेबल तिच्या खिडकीसमोरच. पहिल्या आठवड्यात तिने मला दुरून न्याहाळले आणि विचारले, "चारशे बारा, मराठी की काय तू?"

बंगळुरात येऊन मला तेव्हा दोन-तीन वर्षे झाली होती. नवरा संरक्षण संशोधनातला. चाचण्यांसाठी महिना महिना समुद्रकाठच्या कुठल्याशा तळावर असे. घरी दोन वर्षांची मुलगी आणि तिला सांभाळणारी तमिळ बाई. दिवसभरात मराठी मी मुलीशी बोले, आणि रात्री फोन लागला तर नवऱ्याशी. त्यामुळे अक्काचा तो प्रश्न ऐकून माझे डोळे भरून आले होते, आणि ते लपवण्यासाठी मी खाली वाकून चप्पल नीट केली. अक्का लगेच म्हणाली, "काय पडलं?"

तिचे घराणे चिकपेटचे. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आलेले, असे तिचे चुलतभाऊ अभिमानाने सांगत. अक्काने त्याचा कागद पाहिलेला नसल्यामुळे तिला ते मान्य नव्हते. तिची मराठी माझ्या मराठीपेक्षा जुनी होती आणि तिच्यात कन्नड इतके मुरलेले होते, की कुठले कुठे संपते ते तिलाही कळत नसावे. ‘स्वल्प थांब’, ‘सरी, होऊ दे’ (सरी म्हणजे ठीक), ‘असं कसं होतंय की’ अशी वाक्ये ती बोलू लागली, की मला आजोळच्या एखाद्या दूरच्या मावशीकडे आल्यासारखे वाटे. पण मावशीची माया तिच्यात शोधणाऱ्याची निराशा होई. ती प्रश्न विचारी आणि उत्तराची वाट पाही, एवढेच.

तिच्या कोटाच्या खिशात सुई आणि निळा दोरा कायम असे. कुणाच्या सदऱ्याचे बटन तुटलेले दिसले, की ती आधी विचारी, बटन कुठे आहे. घरी तुटले असे उत्तर आले तर ती खिशातून दुसरे काढून खिडकीतूनच शिवून देई. माहीत नाही असे उत्तर आले, तर त्या माणसाने सकाळपासून ज्या ज्या विमानात डोके घातले असेल, त्या त्या विमानात टॉर्च घेऊन पुन्हा जावे लागे. विमानाच्या पोटात सुटे पडलेले बटन कधी कुठल्या दांड्यात अडकेल ते सांगता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना प्रशिक्षणात शिकवलेले होते. अक्काने ते शिकून सोडून दिलेले नव्हते, एवढाच फरक.

कारखान्यातल्या एका टंकलेखिकेचे लग्न जयनगरच्या एका कल्याणमंडपात होते. नवरीला साडी नेसवायला ज्या बायका बसल्या, त्यांत अक्काही होती. तेवीस पिना लागल्या. रात्री साडी सोडताना बावीसच निघाल्या. सासरची गाडी दारात उभी, सासूबाई घड्याळ पाहत आहेत, आणि अक्का नवरीला पाटावर उभी करून निऱ्या झटकते आहे. बायका हसू लागल्या. नवरीच्या आईने जरा चिडून म्हटले, "अक्का, ती मुलगी आहे, विमान नाही." अक्का म्हणाली, "विमानाला टोचत नाही." पीन पोलक्याच्या आतल्या शिवणीत मिळाली. मग ती नवरीच्या पाठीवरून हात फिरवून, कुणाचा निरोप न घेता, शेवटची बस धरायला निघून गेली.

एका वर्षी एक आरसा परत आला नाही. रुपयाएवढा, लांब दांडीचा. विमान दुसऱ्या दिवशी सुपूर्द करायचे होते. पाहुणे, फुलांचे हार, फोटोग्राफर सगळे ठरलेले. अक्काने त्या विमानाच्या कागदांवर सही करायचे नाकारले. वरिष्ठांनी आधी समजावले, मग आवाज चढवला. आरसा बहुधा शेडबाहेर पडला असावा, असा एक शेरा तयार करून तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचून परत केला आणि विचारले, बाहेर पडताना पाहिला कोणी? कोणीच पाहिला नव्हता. कार्यक्रम पुढे गेला. तीन दिवस माणसे त्या विमानात झोपून, रांगून, हात घालून शोधत होती आणि अक्काला शिव्या देत होती. तिसऱ्या दिवशी तो वैमानिकाच्या पायांखालच्या पोकळीत, सुकाणूच्या दांड्यापासून चार बोटांवर मिळाला. अक्काने तो पुसला, खुंटीवर लावला, तिथला बिल्ला ज्याचा त्याला दिला आणि उभ्या उभ्या दहीभात खायला घेतला. त्या दिवशी तिच्या खिडकीपाशी कुणीही काही बोलायला गेले नाही. मलाही जावेसे वाटत होते, पण मी गेले नाही.

आता माझ्याविषयी.

पहिले बाळंतपण माहेरी करायचे, ही आमच्याकडची रीत. मुलगी दीड महिन्याची झाली, तेव्हा परत निघण्यापूर्वी आई मला तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि मी तांबी बसवून घेतली. आमच्या घरातल्या सगळ्याच बायका बाळंतपण उरकून निघताना हे करून घेत. प्रवासाच्या तयारीत डिंकाच्या लाडवांच्या डब्याबरोबर हेही असे. बसवताना एकदम कळ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडे दुखतेच. काही आठवड्यांनी तांबीचा धागा तपासून घे म्हणाल्या. तोवर मी बंगळुरात होते. इथल्या डॉक्टरांना धागा लागला नाही. त्यांनी सोनोग्राफी केली, गर्भाशयात तांबी नव्हती. त्या म्हणाल्या की ती आपोआप पडून गेली असणार, पुष्कळदा बाईला कळतही नाही. मला हायसे वाटले. फोनवरून आईलाही वाटले. बसवणारी एका गावात, तपासणारी दुसऱ्या गावात, दोघींचीही एकमेकींशी ओळख नाही. आणि ती मधल्या मध्ये पडून गेली यावर कुणालाही शंका घ्यावीशी वाटली नाही.

मुलगी चार वर्षांची झाल्यावर मला लघवीचा त्रास सुरू झाला. जळजळ, ओटीपोटात दुखणे, घडोघडी जावेसे वाटणे, कधी कधी रक्त. लघवी तपासायची, जंतुसंसर्ग निघायचा, आठवडाभर गोळ्या, महिनाभर बरे, की पुन्हा तेच. मी याविषयी कुणाशी बोलत नसे. नवऱ्याला फोनवर सांगण्यासारखे ते नव्हते. तो तळावरून बोले तेव्हा त्याच्या आजूबाजूला माणसे असत. पाणी जास्त पीत जा, असे तो एकदा म्हणाला होता. मी जास्त पाणी पीत असे.

प्रसाधनगृहाची वाट अक्काच्या खिडकीवरून जात होती.

एका संध्याकाळी कारखान्याच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. बसण्यापूर्वी तिने नेहमीप्रमाणे सीटखाली पाहिले. बस सुटल्यावर ती समोर बघत म्हणाली, "सकाळपासून सहा वेळा गेलीस. काल सात."

मला जमीन दुभंगावी असे झाले. पुढच्या सीटवर आमच्याच विभागातले दोघे होते. मग लक्षात आले, की त्या बसमध्ये मराठी समजणाऱ्या आम्ही दोघीच आहोत. भर गर्दीत असूनही दार लावून घेतल्यासारखे वाटले, आणि इतक्या महिन्यांत जे मी कुणाला सांगितले नव्हते ते सगळे घडाघडा सांगून टाकले. गोळ्या, रक्त, चार वेळा बदललेली औषधे. डॉक्टर जुन्या आजारांविषयी विचारतात तसे तिने विचारले, म्हणून तांबीचेही सांगितले. तिला शब्द कळला नाही. मी कॉपर टी म्हटले. पडून गेली होती, असेही म्हटले.

"पडताना पाहिलीस?"

"नाही. डॉक्टर म्हणाल्या."

"त्यांनी पाहिली?"

"त्यांना आत दिसली नाही ना, अक्का. सोनोग्राफी केली होती."

बस सिग्नलला उभी होती.

"म्हणजे पेटीत नाही," ती म्हणाली. "पेटीत नाही म्हणून विमानात नाही, असं कसं होतंय की?"

मी हसले. तिने हसण्यासारखे काही म्हटलेले नव्हते, हे तिच्या चेहऱ्याकडे पाहून कळले. दिलेल्याची सही आहे, तपासलेल्याची सही आहे, आणि परत आलेल्याची सही कुणाचीच नाही, असे ती आपल्याशीच पुटपुटली. उतरताना तिने सांगितले, पूर्ण पोटाचा एक्स-रे काढायचा. उद्याच.

मी उद्या काढला नाही. तीन आठवडे टाळाटाळ केली. पाच वर्षांपूर्वीच्या तांबीसाठी एक्स-रे काढून द्या, हे डॉक्टरांना कसे सांगायचे, याची वाक्ये मी घरी जुळवत असे आणि दवाखान्यात गेल्यावर विसरत असे. रोज खिडकीपुढून जाताना अक्का मान वर करी. मी नकारार्थी मान हलवी. शेवटी एका शनिवारी तिने अर्धी रजा टाकली. तिने रजा टाकल्याचे कुणाला आठवत नव्हते. कार्यालयाने अर्ज परत पाठवून खात्री करून घेतली म्हणे. जयनगरच्या एका दवाखान्यात ती माझ्याबरोबर आत आली आणि डॉक्टरांना तिने कन्नडमध्ये दोनच वाक्ये सांगितली. त्यांनी मुकाट्याने चिठ्ठी लिहून दिली.

फिल्म हातात आली तेव्हा समजावून सांगायला कुणाचीही गरज पडली नाही. कमरेच्या हाडांच्या मध्ये, जरा तिरपी, पांढरी टी. तिच्या खालच्या दांड्याभोवती सुपारीएवढा फिकट ढग. मी बाकावर बसून राहिले. पाच वर्षे मी तिच्यासह बस पकडली होती, मुलीला कडेवर घेतले होते, जिने चढले होते. भीती नंतर आली. आधी फक्त लाज वाटली, आपलेच घर आपल्याला माहीत नसल्यासारखी. अक्का फिल्म खिडकीकडे धरून बराच वेळ पाहत होती. "आहे," ती म्हणाली. आरसा सापडला त्या दिवशीही ती एवढेच म्हणाली होती.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. बाळंतपणानंतर गर्भाशय मऊ असते, तेव्हा बसवताना क्वचित ती भिंतीत रुतते, हळूहळू आरपार जाते. कुणाच्या आतड्याजवळ सापडते, कुणाच्या पोटातल्या पडद्यात. पुष्कळ बायकांना काहीच त्रास होत नाही. माझी मूत्राशयात शिरली होती आणि तिच्यावर खडा धरला होता. दुर्बिणीने खडा फोडून ती काढता येईल. असे फार थोड्यांना होते, असे त्यांनी धीर देण्यासाठी सांगितले. त्याने मला धीर आला नाही. आणखी एकटे वाटले.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, असे कसे होईल. तळावरून सुटका होऊन इथे पोचायला त्याला दोन दिवस लागणार होते आणि डॉक्टर थांबायला तयार नव्हते. ताप चढू लागला होता. मुलीला शेजारच्या घरी ठेवले. माझ्यासोबत अक्का राहिली.

पुढचे मी गुंगीत होते. ते मला वॉर्डातल्या सिस्टरने दुसऱ्या दिवशी सांगितले, आणि सांगताना ती मधून मधून दाराकडे पाहत होती. डॉक्टर बाहेर आले, सगळे व्यवस्थित झाले म्हणाले. अक्का म्हणाली, दाखवा. एका छोट्या बाटलीत ती वस्तू होती. अक्काने बाटली दिव्याखाली धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. मग म्हणाली की उभा दांडा आहे, डावा हात आहे, उजवा हात नाही.

डॉक्टर दमलेले होते. खडा फोडताना एखादा तुकडा मोडतो, तो पाण्याबरोबर धुऊन निघून जातो, असे त्यांनी सांगितले.

"जाताना पाहिला?"

"तुम्ही पेशंटच्या कोण?" त्यांनी विचारले.

"टूल स्टोअर," अक्का म्हणाली.

सिस्टर म्हणाली की इतक्या वर्षांत डॉक्टरांना कुणी असे उत्तर दिल्याचे तिने ऐकले नव्हते. ते निघून गेले. अक्का बाटली हातात घेऊन, शस्त्रक्रियागृहाच्या दारासमोर, स्टुलावर बसून राहिली. चहा दिला तो घेतला नाही. तासाभराने डॉक्टर परत आले, बाटलीकडे पाहिले आणि एक्स-रे काढायला सांगून गेले. तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी रेघ मूत्राशयाच्या भिंतीत शिल्लक होती. पुन्हा दगड धरायला तेवढी पुरे होती.

दोन दिवसांनी, नवरा आल्यावर, पोटाला छोटासा छेद देऊन तीही काढली. त्या दिवशी डॉक्टर दुसरी बाटली घेऊन आले, ती नवऱ्याला द्यायच्या आधी अक्कासमोर धरली. तिने दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या, तुकडा जुळतो का ते पाहिले, आणि "सरी" म्हणाली. नवऱ्याने तिचे आभार मानले. ती त्याला म्हणाली, तीन महिन्यांनी आणखी एक फिल्म काढायची, रिकामी. ती पाहिल्यावर काम संपले.

यानंतर मी जे वागले, त्याचे समर्थन मला करता येत नाही. बरे वाटू लागले तशी मला अक्काची भीती वाटू लागली. माझे पोट जणू तिच्या खिडकीतून दिले गेले होते आणि परत जमा व्हायचे राहिले होते. तीन महिने झाले, त्या दिवसापासून ती रोज विचारू लागली. खिडकीपुढे रांग असताना, सगळ्यांदेखत, "चारशे बारा, फिल्म?" एवढेच. कुणाला काही कळत नव्हते, तरी मला वाटे सगळ्यांना कळते आहे. माझ्या शस्त्रक्रियेची कुजबुज बायकांमध्ये झालीच होती. नवरा म्हणाला, पुरे आता, डॉक्टरांनी दोनदा पाहिले आहे. मलाही पुरे झाले होते. पुन्हा त्या टेबलावर पडायचे, पुन्हा ती काळी फिल्म खिडकीकडे धरायची, आणि तिच्यावर आणखी एक रेघ दिसली तर? न पाहिलेले बरे, असे माझ्या मनाने ठरवून टाकले.

एके दिवशी तिने विचारले आणि मी म्हटले, "काढली, अक्का. काही नाही त्यात."

ती पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. आता ‘दाखव’ म्हणणार, म्हणून मी सबब तयार ठेवली होती: फिल्म घरी आहे, नवरा घेऊन गेला आहे. तिने मागितली नाही.

"सरी," ती म्हणाली. तिने समोरच्या डायरीत कशावर तरी काट मारली आणि माझ्या मागच्या माणसाचा बिल्ला घेतला.

मी जागेवर येऊन बसले. ज्या बाईने वरिष्ठांच्या शब्दावर विमान सोडले नव्हते, तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

त्यानंतर मी प्रसाधनगृहाला जाण्याची दुसरी, लांबची वाट धरली. वर्षभराने माझी बदली बोम्मसंद्राजवळच्या नव्या विभागात झाली. मी ती मागून घेतली होती. अक्का निवृत्त झाली तेव्हा समारंभाला गेले आणि मागे उभी राहिले. तिने भाषण केले नाही. एकेक हत्यार नव्या माणसाच्या हाती देऊन सही घ्यायला तिला दोन आठवडे लागले होते, तेच तिचे भाषण, असे कुणीतरी म्हणाले आणि टाळ्या झाल्या.

एकदाच तिच्या घरी गेले. चिकपेटमध्ये साड्यांच्या घाऊक दुकानावरची एक खोली. मी सांगून टाकायचे ठरवूनच गेले होते. स्वयंपाकाच्या भिंतीवर, कारखान्यातल्या फळ्यावर असत तशा, प्रत्येक वस्तूच्या काळ्या आकृत्या रंगवलेल्या होत्या: पळी, झारा, कात्री, कंगवा, आणि त्या त्या वस्तू त्या त्या आकृतीवर. ताटाची आकृती एक. पेल्याची एक. तिने कॉफी केली आणि त्या पेल्यातून मला दिली. मी पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिली. मग पेला विसळून स्वतःसाठी ओतून घेतली. तिने मुलीची चौकशी केली. दुखते का, विचारले. कधी कधी डाव्या बाजूला कळ येत असे. मी नाही म्हटले. खालच्या गल्लीत हमाल ओरडत होते, मेट्रोकडे जाणाऱ्या माणसांची गर्दी होती. माझी कॉफी संपली, तिची संपली, आणि बोलायचे ते राहून गेले. जिन्यापर्यंत येऊन ती म्हणाली, येत जा की. मी येते म्हटले. मी गेले नाही.

गेल्या हिवाळ्यात कारखान्याच्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटावर अक्का गेल्याचा निरोप आला. अंत्यसंस्कार आदल्या दिवशीच आटोपले होते. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीही एक टाकले. तिसऱ्या दिवशी मी रजा घेतली आणि जयनगरच्या एका तपासणी केंद्रात गेले. एकटीच गेले. नवरा आता इथेच असतो, पण त्याला सांगितले नाही.

काउंटरवरच्या मुलीने नाव, वय, फोन विचारले. मग मान वर न करता म्हणाली, "किसने भेजा, मॅम? रेफर बाय?"

माझ्याकडे कुणाची चिठ्ठी नव्हती. ती बोटे कळफलकावर ठेवून थांबली होती. मी अक्काचे पूर्ण नाव सांगितले. इतक्या वर्षांत ते मी बहुधा पहिल्यांदाच उच्चारले. मुलीने ते टाइप केले, आपणहून त्याच्यापुढे ‘डॉ.’ लावले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारले, स्पेलिंग बरोबर आहे ना. मी बरोबर आहे म्हटले.

टेबलावर पडून श्वास रोखून धरला. यंत्र गुणगुणले. तंत्रज्ञाने श्वास सोडा म्हटले तरी मला ते क्षणभर जमले नाही.

लिफाफा अर्ध्या तासात मिळाला. बाहेर फूटपाथवर, फुलवालीच्या शेजारी उभी राहून मी तो उघडला. पोटात कोणतीही बाहेरची वस्तू दिसत नाही, असे एका ओळीत लिहिले होते. त्या ओळीसाठी मी नऊ वर्षे घाबरत होते. फिल्म काळी आणि स्वच्छ होती. तिच्या वरच्या कोपऱ्यात माझे नाव होते आणि त्याखाली, बारीक अक्षरांत, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे.